धारेपलीकडची खडकनिळी

भिंगरीला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. ती चालायला लागली तेव्हाच वडील म्हणाले होते, हिच्या पायाला भिंगरी बांधलेली आहे, आणि पन्नाशी उलटली तरी ती सुटली नव्हती. शिवणकारखाना झाला, दवाखान्यातली नोंदणीची खिडकी झाली, रंगाचं दुकान झालं. सगळीकडे काम चोख, मालक खूश, आणि एका सकाळी हिच्या तळपायांना खाज सुटायची की संपलं. लग्नसुद्धा तिने असंच सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. "तुम्ही माणूस चांगले आहात," ती नवऱ्याला म्हणाली, "पण मला इथे श्वास पुरत नाही." तो बिचारा खिडकी उघडायला उठला होता.

गेल्या थंडीत ती धाकट्या बहिणीकडे आली ती दोन-चार दिवसांसाठी म्हणून, आणि अजून तिथेच होती. जायचं मात्र ठरलेलं होतं. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीने समुद्रकाठच्या एका हॉटेलात, धुलाईखात्यात, तिच्यासाठी शब्द टाकला होता. महिनाअखेरीला हजर व्हायचं. कपड्यांची बॅग कॉटखाली तयार होती. धाकटीला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

धाकटी मधमाश्या पाळायची. घराची मागची खोली तिची कामाची. मध काढायचं पत्र्याचं पिंप, भिंतीला टेकवलेल्या लाकडी चौकटी, मेणाच्या ढेपा, आणि सगळ्यावर एक गोडसर, धुरकट वास. स्वभावाने ती थोरलीच्या अगदी उलट. माशी पापणीवर बसली तरी डोळा न मिटणारी. बोलायचीही अशी सावकाश, की तिचं वाक्य संपेपर्यंत भिंगरी उठून पाणी पिऊन परत यायची.

त्या वसंतात माळ्यावरून चौकटी काढताना धाकटीची शिडी सरकली आणि पाय मोडला. प्लास्टर मांडीपर्यंत. दुखणं तिने मुकाट्याने सोसलं, पण तिसऱ्याच दिवशी उशीला टेकून म्हणाली, "ताई, पेट्या डोंगरावर न्यायला हव्यात. खडकनिळी फुलायला आली असेल."

"मग सांग ना टेम्पोवाल्याला."

"तो पेट्या उतरवून देईल. पण त्यांच्याजवळ राहणार कोण?"

भिंगरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

खडकनिळी हे काही कोणी लावलेलं पीक नव्हे. डोंगराच्या उघड्याबोडक्या उतारावर, जिथे गवतसुद्धा हातचं राखून उगवतं, तिथे दगडांच्या फटींतून ती वर येते. वीतभर उंची, करडी लवदार पानं, चुरगळली तर नाकात जाणारा उग्र वास. पावसाळी जमिनीत तिला आणून लावली तर कुजते, कुंडीत लावली तर रुसते. पण आपल्या जागी, आपल्या वेळी फुलली की अख्खा उतार निळाजांभळा होतो. तिचा मध जवळजवळ पाण्याच्या रंगाचा, आधी गोड आणि मग जिभेच्या मुळाशी किंचित कडसर. धाकटीचं वर्ष त्या मधावर उभं असायचं.

"हे बघ," धाकटी समजावू लागली, "पेट्यांची तोंडं उगवतीकडे कर. पाण्याच्या पराती ठेव, त्यात खडे टाक, नाहीतर माश्या बुडतात. पेटी मागून जराशी उचलून पाहायची, वजनावरून कळतं आत किती आहे ते. आणि सगळ्यात आधी त्या मेंढपाळाला..."

"हो हो, कळलं," भिंगरी म्हणाली. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, आणि हिचा एक पाय केव्हाच उंबऱ्याबाहेर पडला होता.

पहाटेच्या गार हवेत पेट्या चढल्या आणि ऊन तापायच्या आत डोंगराखालच्या पत्र्याच्या शेडपाशी उतरल्या. टेम्पोवाला गेला. भिंगरीने डोक्यावर जाळी चढवली आणि एकेका पेटीचं दार उघडलं. माश्या बाहेर आल्या, पेटीसमोर आठाचे आकडे काढत जागा ओळखून घेऊ लागल्या. भिंगरीने उताराकडे पाहिलं. दगड, वाळकं गवत, करडी पानं. निळं असं काहीच नाही.

"फुलेल उद्या-परवा," ती स्वतःशीच म्हणाली.

उद्या झाला, परवा झाला. भिंगरी शेडमध्ये बसायची, उठायची, पेट्यांना फेरी मारायची, पुन्हा बसायची. शेडमध्ये एक खाट, एक स्टोव्ह आणि एक खुर्ची. तिसऱ्या दिवसापर्यंत तिने खुर्ची सगळ्या कोपऱ्यांत ठेवून पाहिली होती. पराती घासून लखलखीत केल्या. शेडसमोरचे दगड आधी लहान-मोठे असे लावले, मग तेही मोडले. सतत वारा. पत्रा वाजायचा, आणि तिला वाटायचं, कोणीतरी आलं. कोणी आलेलं नसायचं. दूरवर एक मेंढपाळ आपला कळप घेऊन उतारावर फिरताना दिसायचा. त्याने एकदा हात वर केला, तिनेही केला. तेवढंच.

फोनला रेंज फक्त खालच्या वळणावर, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर.

"अजून नाही?" धाकटी विचारायची.

"अजून नाही."

"पेटी उचलून पाहिलीस?"

"हलकी आहे."

साखरेचा पाक करून घालायला धाकटीने सांगितलं, तिने घातला. साखर संपत आली. माश्या चिडक्या झाल्या. आधी त्यांच्या गुणगुणण्यात एक लय असायची, आता नुसती कटकट ऐकू यायची, भाड्याच्या घरात शेजारी भांडतात तशी. भिंगरीला मानेवर, मनगटावर, एकदा चक्क नाकाच्या शेंड्यावर डंख बसले.

त्यातच मैत्रिणीचा फोन. "काय ग, येतेस ना? इथे मुकादम रोज विचारतोय. तीनच आठवडे राहिलेत."

"येते," भिंगरी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला इतकं हलकं वाटलं की चढण ती जवळजवळ धावत चढली. टेम्पोवाल्याला बोलवायचं, पेट्या खाली नेऊन टाकायच्या, धाकटीला काय ते सांगून टाकायचं, आणि सुटायचं. समुद्रावरून येणारा वारा तिला आत्ताच लागायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी, दुपार व्हायच्या आधी, ती स्टोव्ह पुसत असताना बाहेरचा आवाज बदलला. कटकट थांबली आणि एकदम मोठा घरघराट सुरू झाला. ती धावत बाहेर आली. कडेच्या हिरव्या पेटीच्या तोंडातून माश्या उतू चाललेल्या दुधासारख्या बाहेर लोटत होत्या. आत परतणारी एकही नाही. बघता बघता हवेत मोठा काळा भोवरा तयार झाला. अख्खी वसाहत, राणीसकट, घर सोडून निघाली होती.

"अगं, थांबा! कुठे निघालात?" भिंगरी ओरडली, जशी काही त्या तिची परवानगी मागणार होत्या.

भोवरा वर चढला, एकदा शेडवरून फिरला आणि डोंगराच्या धारेकडे सरकू लागला. क्षणभर भिंगरी नुसती बघत राहिली. हे दृश्य तिला ओळखीचं वाटलं, आणि का ते कळायच्या आत तिच्या पायांनी धाव घेतली होती. एका काखेत जादाची रिकामी पेटी, दुसऱ्या हातात खाटेवरची चादर, डोक्यावर जाळी. दगडावरून घसरली, गुडघा फुटला, उठली. चादर काट्यात अडकली, तिने ती ओढून फाडली. उतारावर मेंढपाळ काठीला टेकून हा तमाशा बघत होता. "बाई, तुम्हाला उडता येणार नाही!" तो ओरडला. त्याला उत्तर द्यायला तिच्यापाशी श्वास नव्हता.

धारेवर पोचली तेव्हा छातीत भाता चालला होता. वारा तिला मागे ढकलत होता. तिने वाकून धार ओलांडली आणि दोन पावलं खाली उतरली, तसा वारा एकदम पडला. कोणीतरी दार लावून घ्यावं तसा.

समोर एक खोलगट जागा होती. मध्ये पाणीखात्याची जुनी, कोरडी पडलेली टाकी आणि सभोवार काटेरी तारेचं कुंपण. कुंपणाच्या आत, टाकीच्या पायापासून तारेपर्यंत, दगड दिसू नये इतकी खडकनिळी फुलली होती.

भिंगरी मटकन खाली बसली. ऊन, उग्र वास आणि निळं, जांभळं, मध्येच फिकट. काही कळ्या अजून मिटलेल्या, म्हणजे फुलोरा नुकताच सुरू झाला होता. आणि तारेच्या एका खांबावर, दाढी लोंबावी तसा, तिच्या माश्यांचा घोस लटकत होता.

धाकटीला घोस उतरवताना तिने पाहिलेलं होतं, एकदाच, तेही लांबून. पण आता विचारायला कोणी नव्हतं, आणि मोरी डोंगराच्या पलीकडे राहिली होती. तिने चादर अंथरली, पेटी त्यावर ठेवून झाकण काढलं, खांबाला दोन्ही हातांनी धरलं आणि गदागदा हलवलं. घोस थपकन पेटीत पडला. निम्म्या माश्या उडाल्या, डोक्याभोवती गरगरल्या. भिंगरीची पाचावर धारण बसली होती, पण ती हलली नाही. हललं तर डंख, एवढं तिला आता ठाऊक झालं होतं. ती उभी राहिली. आयुष्यात कधी राहिली नव्हती तशी, खांबासारखी. काही वेळाने पेटीच्या दारात चार-पाच माश्या शेपट्या वर करून पंख फडफडवू लागल्या. धाकटीने हेही कधीतरी सांगितलं होतं. राणी आत असली की त्या बाहेरच्यांना असं बोलावतात. उडालेल्या माश्या एकेक करून खाली उतरल्या आणि रांगेने आत शिरल्या.

मागे मेंढपाळ येऊन उभा होता. साठीच्या पुढचा, उन्हाने रापलेला, तोंडावर हसू. ते हसू भिंगरीच्या चेहऱ्याकडे पाहून मावळलं.

"इथे आत एवढं फुललंय," ती म्हणाली, "आणि तिकडच्या उतारावर एक फूल नाही. का?"

त्याने कुंपणाकडे पाहिलं, मग आपल्या कळपाकडे. "इथे तार आहे," तो पुटपुटला. "मेंढ्यांना शिरता येत नाही."

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे तुमच्या मेंढ्यांनी कळ्या खाल्ल्या! सगळ्या!"

"मग मी काय करू? तुमची बहीण दरवर्षी आधी फोन करते. येतेय, उतार सोडा, म्हणते. मी पलीकडे नेतो कळप. यंदा फोनच नाही. मला वाटलं, येत नाहीयेत. तुम्ही आलात तोवर खाऊन झालं होतं."

भिंगरीला धाकटीचं अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं. सगळ्यात आधी त्या मेंढपाळाला. हॉर्न वाजत होता, आणि तिने म्हटलं होतं, हो हो, कळलं.

मोरीच्या कठड्यावर उभी राहून तिने धाकटीला सगळं सांगितलं, काही न गाळता. धाकटी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "असू दे. माझंही चुकलं, मीच फोन करायला हवा होता. दुखण्यात राहून गेलं. तू आता टेम्पोवाल्याला बोलाव आणि पेट्या खाली आण. सूर्यफुलावर ठेवू. मध साधा मिळेल, पण माश्या जगतील."

भिंगरीला हेच हवं होतं. कालपर्यंत.

"पलीकडे फुललंय म्हणते ना मी. आपल्या माश्या अशक्त आहेत, वाऱ्यातून धार ओलांडून जाता येत नाही त्यांना. पेट्याच पलीकडे नेते."

"रस्ता नाही तिकडे."

"उचलून नेते."

"ताई, एवढ्या जवळ पेटी हलवली तर माश्या सवयीने जुन्या जागी परत येतात. तिथे घर नसलं की मरतात."

"मग त्यावर काही उपाय असेलच ना!"

धाकटी म्हणाली, "असतो. पण वेळ लागतो त्याला. तू थांबणार आहेस का तितके दिवस?" आणि थोड्या वेळाने, अगदी सावकाश, "तुझी बॅग मी पाहिली आहे, ताई. पडल्या पडल्या समोरच्या कॉटखालचं सगळं दिसतं."

भिंगरीला भर उन्हात मोरीखाली जाऊन लपावंसं वाटलं. खाली पाण्याचा टिपूस नव्हता, नुसता गाळ.

"कधी सांगणार होतीस?"

"रोज," भिंगरी म्हणाली. "रोज सांगणार होते."

पलीकडून हसल्याचा आवाज आला, की हुंदक्याचा, तिला कळलं नाही. तिने कठड्यावरून एक पाय खाली सोडला, पुन्हा वर घेतला. "तू उपाय सांग," ती म्हणाली. "आणि सावकाश सांग. मी ऐकतेय."

धाकटीने सांगितलं. या वेळी भिंगरीने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, आणि पुन्हा म्हणून दाखवलं.

संध्याकाळी सगळ्या माश्या परतल्यावर पेट्यांची दारं जाळीने बंद करायची. मेंढपाळ न बोलावता आला. त्याने दोन लांब वासे आणले होते. त्यांच्यावर पेटी बांधायची, पुढे तो, मागे ही. चढणीवर त्याच्या तोंडून कण्हणं आणि शिव्या आळीपाळीने निघत होत्या. "माझी मेंढी एवढी जड असती," तो म्हणाला, "तर मी केव्हाच श्रीमंत झालो असतो." दिसेनासं होईपर्यंत दोघांनी वाहिल्या, उरलेल्या दुसऱ्या दिवशी उजाडताना. कुंपणाच्या बाहेर, वारा लागणार नाही अशा आडोशाला पेट्या मांडल्या. मग दोन दिवस दारं बंदच ठेवून वर ओली पोती टाकत राहायचं, म्हणजे आत तापणार नाही. त्यातला पहिला दिवस भिंगरीला सगळ्यात जड गेला. चार पावलांवर फुलं, आत भुकेलेल्या माश्या, आणि मध्ये बोटभर जाळी. ती पोती भिजवायला शेडकडून पाणी आणायची, ओतायची, पुन्हा जायची. आतून नखांनी खरवडल्यासारखा आवाज येत होता.

"सोडते ना आता," ती मेंढपाळाला म्हणाली.

"बहिणीने काय सांगितलंय?"

"परवा."

"मग परवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रत्येक पेटीच्या तोंडासमोर झुडपाच्या फांद्या रचल्या. बाहेर पडताना अडथळा आला की माश्या थबकतात, वळून पाहतात, नवी जागा नीट ओळखून घेतात. मग जाळ्या काढल्या. माश्या फांद्यांतून वाट काढत बाहेर आल्या, हवेत थांबल्या, पेटीकडे तोंड करून डोलल्या. काही धारेकडे गेल्याच, जुन्या जागेवर. तिथे भिंगरीने एक रिकामी पेटी ठेवली होती, तीत त्या गोळा व्हायच्या. रोज तिन्हीसांजेला ती ती पेटी पाठीवर घेऊन धार ओलांडायची आणि चुकलेल्यांना घरी पोचवायची. काही मेल्याही. शेडसमोरच्या दगडांवर तिला त्या रोज सापडत.

फुलोरा टिकला. पेट्या जड होत गेल्या. एका सकाळी तिने त्या पळपुट्या माश्यांची पेटी मागून उचलून पाहिली, आणि ती जागची हलली नाही. भिंगरी तिथेच मोठ्याने हसली. मेंढपाळाने आपला कळप दूरच्या डोंगरावर नेला होता, आणि त्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. चरलेल्या उतारावर खडकनिळीच्या बुडख्यांतून पुन्हा धुमारे आले. मुळं दगडांत खोल गेलेली असतात, वरचं खाल्लं तरी त्यांचं काही अडत नाही. ही दुसरी फुलं आखूड होती, विरळ होती, पण होती.

महिनाअखेर केव्हा आली ते तिला मैत्रिणीच्या फोनमुळे कळलं.

"निघालीस का?"

"नाही ग. तू दुसऱ्या कोणाला घे."

"तिथे काय एवढं सोनं लागलंय?"

भिंगरीला सांगता येईना. "इथे बसायलाच मिळत नाही," ती म्हणाली. मैत्रिणीला ती तक्रार वाटली. तिने हळहळून फोन ठेवला.

ऊन कडक झालं आणि फुलं वाळली. टेम्पोवाला आला, पेट्या घरी आल्या. मध दरवर्षीपेक्षा कमीच निघाला. तरी पिंपाच्या तोटीतून ती पाण्यासारखी धार पडायला लागली तेव्हा धाकटी कुबड्या टेकवत मागच्या खोलीत आली, बोट धारेखाली धरलं, चाखलं आणि डोळे मिटून उभी राहिली. तिचं प्लास्टर निघालं होतं, पण पाय पूर्वीसारखा होणार नाही, ओझं उचलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तिने भिंगरीला अजून नीटसं सांगितलं नव्हतं, आणि भिंगरीला ते तिच्या चालण्यावरून कळलं होतं.

"आता पावसापर्यंत पेट्या इथेच ठेवू," धाकटी म्हणाली. "माश्यांनाही जरा विसावा."

भिंगरी चौकटी पुसत होती. तिने एक चौकट खाली ठेवली, दुसरी उचलली, तीही ठेवली.

"सूर्यफूल चालू आहे अजून नदीच्या पट्ट्यात. त्यानंतर वरच्या पठारावर तीळ येतो म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"विचारलं मी. आणि पठाराच्या पुढेही डोंगर आहेत, तिथे खडकनिळी उशिरा फुलते. तिथलाही मेंढपाळ आहे एक. त्याच्याशी बोलले."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "आधीच बोललीस?"

"सगळ्यात आधी."

"ताई, माश्या दमतात ग."

"दमलेल्या चार पेट्या तुझ्याजवळ ठेव. बाकीच्या मी नेते. तू इथे मध काढ, मेण कर, मला फोनवर सांगत राहा. मी ऐकीन."

धाकटी स्टुलावर बसली. बराच वेळ ती पिंपाच्या कडेला लागलेलं मेण नखाने खरवडत राहिली, आणि भिंगरी, आश्चर्य म्हणजे, मध्येच उठून पाणी प्यायला गेली नाही.

"टेम्पोवाल्याला विचारावं लागेल," शेवटी धाकटी म्हणाली. "त्याला या दिवसांत सवड नसते."

"विचारलंय," भिंगरी म्हणाली. "बाहेर उभा आहे तो. चहा पितोय."